जत्रेतला तंबू व तारप्याचे अंगण

‘तंबूतला खेळ’: गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आला आणि पुढे मुंबईत पक्की चित्रपटगृहे उभी राहिली, परंतु गावोगावी चित्रपट नेला तो जत्रांमागे फिरणाऱ्या तंबूंनी. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये खेळाचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्याच्या हुकमतीत असे, व डहाणू-तलासरी या आदिवासी वारल्यांच्या मुलुखासाठी त्याची कचेरी १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यासच होती. तथापि या मुलुखाचे खरे रंगस्थळ इमारतीत शोधणे, माझ्या मते, व्यर्थ होय: भाताची कापणी उरकल्यावर वारल्यांच्या अंगणात, सुकविलेला भोपळा, बांबू व ताडाचे पान यांनी सिद्ध केलेला तारपा फुंकीत वादक मध्यभागी फिरतो, आणि नर्तक परस्परांच्या कमरेस हात घालून, त्याच्याकडे पाठ न फिरविता, सूर पालटेल तशी पावले पालटीत त्याच्याभोवती वळत राहतात. तिकिटाचा, अर्थातच परवान्याचाही, येथे प्रश्नच उद्भवत नाही. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या चित्रांतील सर्पिल वेटोळे म्हणजे हेच नृत्य.