शेपटीचे चाक आणि शिकविणारे गद्य

कोणतीही कला सर्वांच्या अंगवळणी पडलेली असते तोवर तिला वेगळे नाव नसते, आणि तिच्यावर स्वतंत्र ग्रंथही सहसा होत नाहीत. ती विरळ होऊ लागली, की तिचे नामकरण होते आणि तिचे शास्त्र लिहिले जाते. शेपटीखाली चाक असलेली, म्हणजे ‘टेलव्हील’, विमाने उडविण्यास शिकविणाऱ्या इंग्रजी पुस्तकांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. विमानविद्येशी आमचे नाते केवळ वाचकाचे. परंतु लिहिलेला शब्द हातापायांना काही शिकवू शकतो काय, हा प्रश्न या पुस्तकांत ज्या निकडीने येतो, तसा तो अन्यत्र क्वचितच भेटतो.

आधी ही विद्या अवघड का, ते पाहू. या विमानाची दोन मुख्य चाके पंखांच्या पुढच्या कडेखाली असतात आणि तिसरे लहान चाक शेपटीखाली. त्यामुळे मुख्य चाके विमानाच्या गुरुत्वमध्याच्या पुढे येतात. हातगाडी ओढली तर ती मुकाट मागे येते. ढकलली तर जरा तिरकी होताच अधिकाधिक तिरकी होऊ पाहते. जमिनीवर धावणारे टेलव्हील विमान हे ढकललेल्या गाडीसारखे असते. चाके पुढे अडतात, मागचे वजन रेटत राहते, आणि पायांनी सुकाणू वेळीच हलविले नाही तर शेपूट गर्रकन पुढे येते. यास ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. त्यात पंख जमिनीला घासतो, कधी चाकांचा सांगाडाच मोडतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असल्यामुळे ते आपण होऊन सरळ होऊ पाहते.

तरीही आरंभीची बहुतेक विमाने शेपटीवरच बसत. मैदाने गवताची होती. पंखा जमिनीपासून उंच राहणे आणि सांगाडा हलका असणे सोयीचे होते. शेपटीखाली चाकाऐवजी नुसता दांडा असे. तो गवतात घासून ब्रेकचे काम करी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरविलेले पस मॉथ याच घडणीचे. त्या काळी यास कोणी ‘शेपटीचे विमान’ म्हणत नसे. ते नुसते विमान होते. विस्तीर्ण मैदानावर वैमानिक वाऱ्याच्या समोर तोंड करून हव्या त्या दिशेने उतरे. पुढे पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि उतरण्याची दिशा ठरून गेली. वारा मात्र ठरलेल्या दिशेने येत नाही. आडव्या वाऱ्यात जुनीच विमाने अधिक हट्टी वाटू लागली, ती या कारणाने.

शिकविण्याची रीत प्रथम तोंडी होती. १९१७ मध्ये इंग्लंडातील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी तिला शिस्त लावली. धोक्याच्या अवस्था टाळण्याऐवजी विद्यार्थ्याला मुद्दाम त्यांत नेऊन बाहेर पडण्यास शिकवावे, हे त्यांचे सूत्र. उघड्या विमानात गुरूचा आवाज एका नळीतून शिष्याच्या कानापर्यंत पोहोचे. नंतरच्या चांगल्या पुस्तकांनी जणू त्या नळीतला आवाज कागदावर आणला.

त्यांत अग्रस्थान वोल्फगांग लांगेविशे यांच्या १९४४ सालच्या ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथाचे. लेखकाचा जन्म १९०७ चा, जर्मनीतला. अमेरिकेत येऊन त्याने परक्या भाषेत लिहिले. महायुद्धकाळात ‘कोर्सेअर’ या लांब नाकाच्या, उतरविण्यास अवघड अशा टेलव्हील लढाऊ विमानाच्या चाचण्या त्याने घेतल्या होत्या. त्याचा आक्षेप शास्त्राला नव्हता, तर वैमानिकाच्या उपयोगी न पडणाऱ्या शास्त्राला होता. पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो, हे एक कळले की बाकीचे उलगडते, असे तो मानतो. विमान खाली जाऊ लागले की माणूस दांडा मागे ओढतो. कोन वाढतो, पंखाचा आधार सुटतो आणि विमान कोसळते. येथे सहजप्रवृत्तीच मारक ठरते, आणि तिच्याशी वाद घालण्याचे काम गद्याचे आहे.

हा वाद तो शब्दांपासून सुरू करतो. शेपटीवरील आडव्या पात्याला इंग्रजीत ‘एलेव्हेटर’, म्हणजे उचलणारा, म्हणतात. हे नावच शिकाऊ माणसाला फसविते, म्हणून तो त्यास ‘फ्लिपर’ म्हणतो. उतरताना जमिनीवरील जो ठिपका दृष्टीत वर किंवा खाली सरकत नाही, त्याच्याकडेच विमान चालले आहे, ही त्याची उकलही अशीच साधी आहे. डोळ्यांना दिसत असूनही न कळलेली गोष्ट तो वाक्यात पकडून देतो.

गंमत अशी, की ज्या रडरचे नाव शीर्षकात आहे, ते पुढील काळात अनावश्यक ठरावे असा लेखकाचा कल होता. पायांच्या पट्ट्याच नसलेले, नाकाखाली चाक असलेले ‘एर्कूप’ तेव्हा आलेले होते. पट्ट्या गेल्या नाहीत. चाक मात्र पुढे गेले. १९५६ मध्ये बाजारात आलेले सेसना १७२ हे मुळात टेलव्हील १७० चेच नाकचाकी रूप. जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान तेच ठरले. त्याबरोबर पाय विसरले.

अमेरिकेतील नियमाने ही विस्मृती मान्य केली. १५ एप्रिल १९९१ पूर्वी ज्यांनी अशा विमानाचे मुख्य वैमानिक म्हणून उड्डाण केले नव्हते, त्यांना वेगळे शिक्षण आणि शिक्षकाची लेखी संमती आवश्यक झाली. आडव्या वाऱ्यातील उड्डाण-अवतरण आणि मुख्य चाकांवर उतरणे त्यात येते. त्याच वर्षी हार्वे प्लूर्द यांचे ‘द कम्प्लीट टेलड्रॅगर पायलट’ निघाले. शीर्षकातील ‘कम्प्लीट’चे जुने स्पेलिंग आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या मासेमारीवरील ग्रंथाची आठवण देते. आपण जुन्या कलेचे पुस्तक लिहीत आहोत, हे लेखकास ठाऊक आहे. जुन्या विमानांना ‘कन्व्हेन्शनल’, म्हणजे रूढ, चाकांची म्हणण्याची पद्धत टिकली. रूढी मात्र केव्हाच संपली होती.

शिकणाऱ्याने कोणता क्रम धरावा? आमच्या मते लांगेविशे आधी, प्लूर्द नंतर. पहिला ग्रंथ उड्डाण म्हणजे काय ते सांगतो, दुसरा त्यातील एकाच अवघड प्रसंगाचा तपशील देतो. दोन्ही पुस्तके दोनदा वाचावीत. शिक्षकासोबत बसण्यापूर्वी एकदा आणि पहिल्या काही अवतरणांनंतर पुन्हा. पहिल्या वाचनात वाक्ये समजतात, दुसऱ्या वाचनात पाय ती ओळखतात. पुस्तक शिक्षकाची जागा घेत नाही. पण आपले काय चुकले, हे म्हणण्यास शब्द देते.

आमच्या अभ्यासक्रमांत गद्य म्हणजे ललित गद्य, असे समीकरण सहसा धरले जाते. ज्या वाक्याच्या अचूकतेवर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे, ते वाक्य लिहिणाऱ्यालाही शैलीकार म्हणावे, एवढा विचार या पुस्तकांच्या निमित्ताने वर्गात व्हावा.