बुडणाऱ्या गोळीची ऊर्जा जाते कुठे?

बी.एस्सी.ला स्टोक्सच्या पद्धतीने व्हिस्कॉसिटी काढायचा प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. उंच काचेच्या नळीत ग्लिसरीन, वरून सोडलेली स्टीलची बारीक गोळी आणि हातात स्टॉपवॉच. सुरुवातीचा किंचित भाग सोडला, तर गोळी एकाच वेगाने खाली जाते. आपण वेळ मोजतो, सूत्रात आकडे घालतो, जर्नलवर सही घेतो आणि मोकळे होतो. पण एक प्रश्न राहून जातो. गोळी खाली गेली, म्हणजे तिची स्थितिज ऊर्जा कमी झाली. वेग वाढला नाही, म्हणजे गतिज ऊर्जा होती तेवढीच आहे. मग मधली ऊर्जा गेली कुठे?

आधी हिशेब मांडू. गोळीची त्रिज्या १ मिमी आणि ती २० सेमी खाली गेली असं धरू. शुद्ध ग्लिसरीनमध्ये २० अंश सेल्सियसला तिचा वेग सेकंदाला साधारण १ सेमी येतो. गोळीची स्थितिज ऊर्जा सुमारे ६४ मायक्रोज्यूलने घटते. गोळी खाली येते तेव्हा तिच्याएवढ्या आकारमानाचं ग्लिसरीन वर सरकतं, त्यात १० मायक्रोज्यूल जातात. (ही नोंद परीक्षेत हमखास विसरली जाते!) उरले ५४. गोळीची गतिज ऊर्जा ०.००२ मायक्रोज्यूलसुद्धा नाही. म्हणजे ते ५४ मायक्रोज्यूल द्रवाच्या अंतर्गत घर्षणात उष्णता होऊन गेले. नळीत पाव किलो ग्लिसरीन असेल तर त्याचं तापमान एका अंशाच्या एक कोटीव्या भागानेही वाढत नाही. थर्मामीटरला हे कसं दिसणार?

म्हणूनच हे उत्तर सापडायला इतका काळ लागला. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’च्या शेवटच्या प्रश्नात पाणी, तेल आणि वितळलेलं डांबर ढवळण्याचं उदाहरण घेतलंय. डांबर सगळ्यात आधी थांबतं, मग तेल, मग पाणी. यावरून त्याने म्हटलं की जगातली गती सतत कमी होत असते. ती कुठे जाते हा त्याच्यासाठी प्रश्नच नव्हता, ती संपत होती. लायबनिझला हे पटलं नाही. १७१६ मध्ये, क्लार्कबरोबरच्या पत्रव्यवहारात, त्याने मऊ वस्तूंच्या टकरीबद्दल लिहिलं की बल नष्ट होत नाही, ते वस्तूच्या बारीक कणांत विखुरतं. मोठं नाणं मोडून सुटे पैसे घ्यावेत तसं. कल्पना बरोबर होती, पण ते सुटे पैसे मोजायचे कसे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते मोजले ज्यूलने. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते बघायचं. वजनं वीस वेळा खाली सोडल्यावर पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापायचं. १८५० मध्ये त्याने आकडा छापला: एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पाउंड काम लागतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टोक्सने केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे आपला प्रसिद्ध पेपर वाचला. गंमत म्हणजे त्याचा विषय बुडणारी गोळी नव्हताच, लंबक होता. गुरुत्वत्वरण अचूक मोजायचं तर हवा लंबकाला किती अडवते हे कळायला हवं होतं. त्या गणितातून गोलावरच्या रोधाचं सूत्र निघालं. ढगातले थेंब इतके हळू का खाली येतात हेही त्यातून सुटलं. आणि याच पेपरमध्ये द्रवाच्या प्रत्येक भागात घर्षणामुळे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते, याची राशीही त्याने काढली. आपले ५४ मायक्रोज्यूल नळीत नेमके कुठे-कुठे विखुरतात, ते आता कागदावर मांडता येत होतं.

आता रिसर्च करणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं असा भाग. स्टोक्सचं सूत्र बरोबर होतं, पण हवेच्या व्हिस्कॉसिटीचा त्याचा आकडा बराच कमी निघाला. त्याने फ्रान्सिस बेलीची मोजमापं वापरली होती: लंबक आधी हवेत हलवायचा, मग हवा जवळजवळ काढून टाकलेल्या भांड्यात, आणि दोन्हींतला फरक घ्यायचा. स्टोक्सने धरलं की हवा विरळ झाली की त्याच प्रमाणात तिची व्हिस्कॉसिटीही घटते, म्हणजे त्या भांड्यातलं घर्षण नगण्य. ऐकायला अगदी साहजिक वाटतं ना?

१८६० मध्ये मॅक्सवेलने वायूच्या कणांच्या सिद्धांतातून उलटंच काढलं: व्हिस्कॉसिटी घनतेवर अवलंबूनच नसते. स्वतः मॅक्सवेललाही हे विचित्र वाटलं, कारण हाती असलेला पुरावा विरुद्ध होता. त्याने घरीच, पत्नी कॅथरीनच्या मदतीने, हवेत हेलकावणाऱ्या काचेच्या चकत्यांवर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये निष्कर्ष मांडले. सिद्धांत टिकला. बेलीच्या ‘रिकाम्या’ भांड्यात उरलेली थोडी हवाही लंबकाला जवळपास तेवढीच घासत होती, त्यामुळे वजाबाकीत घर्षणाचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी कटून जात होता. मॅक्सवेलच्या विरुद्ध वाटणारा पुरावा मुळात याच गृहीतकावर उभा होता.

लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण सूत्र तपासतो, आकडे तपासतो. ‘बॅकग्राउंड वजा केलं’ ही ओळ मात्र पटकन वाचून पुढे जातो. पुढच्या वेळी तिथे थांबा आणि विचारा: जे वजा केलं त्यात काय होतं, आणि ते शून्य आहे असं कोणी ठरवलं?