नऊ भावंडांतलं तिसरं

अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं वीतभर उंचीचं तण. खायला उपयोगाचं नाही, दिसायला देखणं नाही. पण वनस्पतींच्या जनुकांविषयी आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या रोपट्यानंच शिकवलं. त्याच्या जनुकसंचात इम्पॉर्टिन-अल्फा नावाच्या एकाच घराण्याची नऊ जनुकं आहेत. पेशीत तयार झालेली प्रथिनं केंद्रकात नेणारे वाहक त्यांच्यापासून बनतात. त्यांतल्या तिसऱ्याची ही कुळकथा. हे घराणं एका शोधातून पुढे आलं नाही. कुणी विषाणू चाळत होतं, कुणी यीस्ट, कुणी बेडकाची अंडी. आणि नाती मागाहून जुळत गेली.

केंद्रकाच्या आवरणाला छिद्रं असतात. लहान रेणू त्यांतून आपोआप ये-जा करतात, मोठ्या प्रथिनांना मात्र अंगावर प्रवेशाचा संकेत लागतो. १९८४ साली डॅनियल कॅल्डेरॉन, अ‍ॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसव्ही ४० या माकडाच्या विषाणूतल्या प्रथिनात हा संकेत नेमका दाखवला. अवघी सात अमिनो आम्लं, त्यांत चार लायसिन आणि एक आर्जिनिन. त्यांतलं एक लायसिन बदललं की तेच प्रथिन केंद्रकाबाहेर अडकून पडायचं. एवढ्या मोठ्या रेणूचा मुक्काम एका अमिनो आम्लावर ठरतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

संकेत सापडला, पण तो वाचतं कोण? उत्तराचा एक धागा आधी यीस्टमध्ये हाती आला, तोही वेगळ्याच कामात. मासायासु नोमुरा यांच्या प्रयोगशाळेत आरएनए पॉलिमरेझ-१ या विकराची बिघडलेली वाणं अभ्यासताना, तो बिघाड झाकणारं एक जनुक मिळालं. १९९२ साली ते एसआरपी १ या नावानं प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी डर्क ग्योर्लिश आणि रॉन लास्की यांच्या गटानं बेडकाच्या अंड्यांतून एक प्रथिन वेगळं केलं. त्याच्याशिवाय केंद्रकप्रवेशाची पहिली पायरीच चढता येत नव्हती. त्याला त्यांनी इम्पॉर्टिन म्हटलं. त्याचा अनुक्रम यीस्टच्या एसआरपी १ शी ४४ टक्के जुळला, आणि यीस्टमधल्या त्या जनुकाला आपलं गोत मिळालं. लवकरच इम्पॉर्टिन-बीटा हा जोडीदारही सापडला. अल्फा संकेत ओळखून प्रथिन धरतो, बीटा त्या जोडीला छिद्रातून पार करतो, आणि आत रॅन नावाचं छोटं प्रथिन बीटाला चिकटून ओझं सोडवतं. अल्फा पुन्हा बाहेर येऊन पुढच्या प्रथिनाला हात घालतो. १९९८ मध्ये यीस्टच्या अल्फाची स्फटिकरचना मिळाली : एकाच घडणीच्या दहा कड्या सुंभासारख्या पीळ घेत गेलेल्या, आणि त्या पिळाच्या आतल्या खाचेत संकेत बसलेला.

वनस्पतींतली शाखा उजेडात आणण्यात नताशा रायखेल यांच्या मिशिगनमधल्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. १९९७ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की अरॅबिडॉप्सिसचा इम्पॉर्टिन-अल्फा तीन वेगवेगळ्या धाटणीचे संकेत ओळखतो. १९९९ मध्ये आणखी मोठी गोष्ट पुढे आली : प्रयोगशाळेतल्या चाचणीत वनस्पतीचा अल्फा बीटाच्या मदतीशिवायही प्रथिन आत पोचवू शकतो. प्राण्यांत या घराण्याच्या तीन शाखा आहेत. वनस्पतींतली भावंडं त्यांतल्या पहिल्या शाखेच्या जवळची. यीस्ट एकाच अल्फावर भागवतं, मग एवढ्याशा तणाला नऊ कशाला?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक ठळक धागा चौथ्या भावंडानं दिला. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जीवाणू स्वतःच्या डीएनएचा तुकडा प्रथिनांत गुंडाळून झाडाच्या केंद्रकात घुसवतो. आपल्या शेतांत वाढलेल्या बीटी कापसाचं मूळ वाणही याच जीवाणूकरवी घडवलेलं. २००८ साली स्टॅन्टन गेल्विन यांच्या गटानं नवांपैकी सात भावंडं तपासली. सातही जणं जीवाणूच्या प्रथिनांना धरू शकत होती. पण जनुक मोडल्यावर जीवाणूची डाळ शिजेनाशी झाली ती फक्त चौथ्याच्या बाबतीत. त्याच रोपात दुसऱ्या काही भावंडांचं प्रमाण वाढवलं, तर ती उणीव भरून निघायची. म्हणजे कसब बहुतेकांकडे होतं. कोण किती प्रमाणात हजर आहे यावरही बरंच ठरत होतं.

तिसरं भावंड सापडलं ते आजारी दिसणाऱ्या रोपांत. एसएनसी १ या रोगप्रतिकारक जनुकात एक बदल झाला की अरॅबिडॉप्सिस रोग नसतानाही सतत लढत राहतं. रोप खुजं राहतं, पानं मुरडतात, आणि रोगजंतूंचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. हा अतिरेक कमी करणारे दुसरे बदल शिन ली आणि युएलिन झांग व्हँकुव्हरमध्ये शोधत होते. सापडलेल्या जनुकांना मॉस १, मॉस २ असे क्रमांक मिळत गेले. २००५ साली मॉस ६ चा अनुक्रम उलगडला, तेव्हा तो इम्पॉर्टिन-अल्फा ३ निघाला. मॉस ३ आधीच केंद्रकछिद्राच्या एका घटकाचं जनुक ठरलं होतं. रोगाविरुद्धची लढाई केंद्रकाच्या दारातूनच जाते, हे दोन्ही बाजूंनी पक्कं झालं. हे जनुक नसलेली साधी रोपं एका बुरशीसदृश रोगजंतूला अधिक सहज बळी पडली.

पुढच्या अभ्यासांत एसएनसी १ शी जवळीक याच तिसऱ्याची अधिक दिसली. तरी ते काढून टाकल्यावर खुजी रोपं वाढतात खरी, पण साध्या रोपांची उंची गाठत नाहीत.