पाणी उतरताना

"सर, आज पानी कित्ता फूट?"

जुलै उजाडला की माझ्या वर्गातली मुले हजेरीच्या आधी हाच प्रश्न विचारतात. उर्दू शाळा, पाचवी-सहावीची मुले. फूट कशाचे, हे सांगलीत कोणी कोणाला सांगावे लागत नाही. आयर्विन पुलाचे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ज्याला सत्ताविसाचा पाढा येत नाही, त्यालाही हे दोन आकडे तोंडपाठ असतात. मगरमच्छ कॉलनीत राहणारे पोर तर सांगते, अमुक फुटाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते आणि तमुक फुटाला उंबऱ्याला लागते. (या वसाहतीचे नाव बाहेरगावच्या पाहुण्यांना विनोदी वाटते. कृष्णेत मगरी आहेत, हे त्यांना ठाऊक नसते.)

हा पूल १९२९ साली, सांगली संस्थानच्या काळात झाला आणि त्याला त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव मिळाले. व्हाइसरॉय गेले, संस्थान विलीन झाले, पण पूल उरला आणि त्याच्याबरोबर पाणी मोजायची सवयही उरली. इतिहास शिकवताना मी मुलांना कैरोच्या मिक्यासची गोष्ट सांगतो. नाईल नदीतल्या रवदा बेटावर अब्बासी खलिफा अल-मुतवक्किल याच्या काळात, इसवी सन ८६१ मध्ये, एक विहिरीसारखी वास्तू बांधली गेली. तिच्या मध्यभागी खुणा कोरलेला खांब आहे आणि भिंतींवर पाणी आणि पिके यांविषयीच्या कुरआनच्या आयती आहेत. पाणी सोळा हातांपर्यंत चढले की साल चांगले, त्यावर शेतसारा ठरायचा. फार कमी चढले तर दुष्काळ, फार जास्त चढले तर नासाडी. पॅरिसच्या आल्मा पुलाला एका झुआव्ह सैनिकाचा पुतळा आहे. झुआव्ह हे नाव अल्जीरियातल्या झवावा या बर्बर जमातीवरून आले. १९१० च्या पुरात पाणी त्या पुतळ्याच्या खांद्यापर्यंत गेले होते आणि आजही पॅरिसकर त्याचे पाय भिजले की गुडघे भिजले, यावरून पुराचा अंदाज बांधतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आपल्या पुलालाही एक पुतळा हवा होता, असे एकदा एक मुलगी म्हणाली.

पण मला सांगायचे आहे ते पुलाचे नव्हे, त्याच्या आजूबाजूला नदीकाठाने पसरलेल्या दगडी पायऱ्यांचे. घाटांचे.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, गवंडी होते. नवी घरे बांधणारे गवंडी पुष्कळ असतात. दादांचा हात डागडुजीचा होता. पाऊस सरला, नदी पात्रात गेली की मुकादमाचे बोलावणे यायचे. काम एकच : घाटावरचा गाळ निघाला की पायऱ्यांमधल्या दरजा तपासायच्या, मोकळ्या झालेल्या खरवडायच्या आणि पुन्हा चुन्याने भरायच्या. चुना घाणीत मळलेला. बैल गोल फिरतो, दगडी चाक चरातून फिरते, चुना, वाळू आणि विटांची सुरखी एकजीव होते. त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा. दादा म्हणायचे, चुना घाईने वापरला तर शाप देतो. माझ्या लहानपणी घाणी बंद पडलेल्याच होत्या. एका जुन्या घाणीचे चाक गल्लीच्या कोपऱ्यावर बसायला म्हणून वापरीत, त्यावर बसून मी गोट्या खेळलो आहे.

कृष्णाकाठच्या घाटांची ही परंपरा वरून खाली येत गेली, नदीसारखीच. वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी येऊन आदळावे आणि दोन्ही अंगांनी फाकून जावे म्हणून. देवळाच्या पाठीकडे फारसे कोणी पाहत नाही, पण मला त्या वास्तूत सर्वांत शहाणी गोष्ट तीच वाटते. बांधणाऱ्याने पूर येणारच, हे धरून नकाशा काढला होता. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथल्या देवळातली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथे घाटही आहेत आणि समाध्याही आहेत. महाराणी ताराबाईंची समाधी तिथे नदीच्या पात्रात आहे. १७६१ मध्ये त्या वारल्या. ज्या बाईने औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षे झुंजवले, तिच्या समाधीला दर पावसाळ्यात पाणी आणि वाळू झुंजवते.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून तो प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथे आहे आणि गावात आदिलशाही काळातले मशिदीचे उंच मनोरे आहेत. कोयनेच्या धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. ते सुटले की कऱ्हाडच्या बागेला आधी कळते आणि सांगलीला नंतर.

सांगली हे गाव राजधानी म्हणून तसे तरुण. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले १८०१ च्या सुमारास. त्यांनी कृष्णाकाठी गणपतीचे देऊळ उभारले ते चौथरा उंच ठेवून. सरकारी घाट, विष्णू घाट ही नावे सांगलीकरांना परिचित आहेत. पुढे वसंतदादा पाटलांची समाधीही नदीकाठीच झाली. घाटावर देवाचे विसर्जन होते, तसे मोहरममध्ये ताबूत थंडे करायलाही लोक नदीवरच जातात. दादा सांगायचे की पायरीला कोणाचे विसर्जन आहे ते कळत नाही, वजन मात्र कळते.

आता मूळ गोष्ट. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. सांगलीत त्याचा दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे सांगलीचा पूर अनेकदा उघडीप पडल्यावर येतो. आभाळ निवळलेले, ऊन पडलेले आणि पाणी चढते आहे. आणि घाटाची खरी पडझड पाणी चढताना होत नाही, उतरताना होते. हे मी पुस्तकात नंतर वाचले, दादांकडून आधी ऐकले. पाणी वर असते तेव्हा नदीच भिंतीला समोरून टेका देते. मागची काळी माती तोवर पाणी पिऊन फुगलेली असते. धरणाचे दरवाजे मिटतात, नदी दोन दिवसांत झपाट्याने खाली जाते, टेका निघून जातो, पण मातीतले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. ते मागून भिंतीला ढकलते. म्हणून जुन्या बांधणीत भिंतीला ठिकठिकाणी मोऱ्या ठेवलेल्या असतात आणि चुन्याच्या दरजाही थोडे थोडे पाणी पाझरू देतात. दादांचा पहिला दिवस या मोऱ्या सळईने मोकळ्या करण्यात जायचा. पिंपळाचे रोप दिसले तर मुळासकट काढायचे, नुसते छाटायचे नाही. छाटले तर मूळ आत जाड होते आणि दगड उचलते.

एका घाटावर पुढे सुशोभीकरण झाले. कोणत्या, ते सांगत नाही. फरशी आली, दिवे आले, कठडे आले. दरजा सिमेंटने गुळगुळीत लिंपल्या आणि मोऱ्याही त्याच सिमेंटखाली गेल्या. दादा तेव्हा थकले होते. मी त्यांना फिरायला घेऊन गेलो होतो. काठी टेकत ते भिंतीजवळ गेले, हाताने चाचपत राहिले आणि म्हणाले, "सांस बंद कर दी इसकी." पुढच्याच मोठ्या पाण्यात भिंतीला उभी चीर गेली आणि फरशी पोट फुगल्यासारखी वर आली. तिचा खर्च पुन्हा नव्या कामात धरला गेला.

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. जुन्या काळी देखभालीचा पैसा बऱ्याच ठिकाणी इनाम जमिनीतून यायचा. देवस्थान इनाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त देऊळ येते, पण महसुलाच्या दप्तरात दर्गे आणि मशिदी यांची इनामे याच वर्गात मोडतात. त्यातून दिवाबत्ती, झाडलोट, चुनागच्ची चालायची. दरसालचे, थोडे थोडे आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारे काम. हल्ली पैसा येतो तो एकदम येतो, उद्घाटनासाठी येतो. गाळ काढायला आणि मोऱ्या मोकळ्या करायला कोनशिला लागत नाही, त्यामुळे त्याची आठवणही कोणाला राहत नाही. हा दोष एकट्या सरकारचा नाही. आपल्या दर्ग्यांच्या आवारातही जुन्या चुन्यावर ऑइलपेंट फासून वर टाइल्स बसवणारे आपणच आहोत.

२००५ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले. मी तेव्हा शाळकरी होतो. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद कुजली, त्याचा वास महिनाभर हवेत होता. जमिनीखालची ती पेवे म्हणजे या भागातील शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बँक. त्यांच्यातली बरीच त्या पुरानंतर वापरात आलीच नाहीत. मग २०१९ : ५७ फुटांच्या वर. ब्रह्मनाळला नाव उलटली, ते दु:ख जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला होती, ऐन पुरात. शाळा, मंगल कार्यालये, मशिदी, मदरसे माणसांनी भरले होते. अनेकांनी कुर्बानीच्या खर्चाला कात्री लावून ते पैसे पूरग्रस्तांना दिले. आमच्या गल्लीत ईदची नमाज झाली ती घराच्या गच्चीवर, खाली छातीभर पाणी. नमाज संपल्यावर गळाभेटी झाल्या तेव्हा कोणी 'मुबारक' म्हणाले नाही, सगळे एकमेकांना 'सामान निघाले का' एवढेच विचारत होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा सुमारे ५५ फूट.

पुरानंतर चर्चा होते ती अलमट्टीची. त्या धरणाच्या उंचीचा वाद कृष्णा पाणीतंटा लवादापर्यंत गेला, २०१० मध्ये लवादाने ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात सांगली-कोल्हापूरच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही. सांगलीत अनेकांना ते पटलेले नाही. मला त्या गणितातले कळत नाही, तज्ज्ञांनी ते बघावे. मात्र पूररेषेच्या आत झालेले बांधकाम मला दिसते. निळ्या रेषेच्या आत, जिथे दर पंचवीस वर्षांत एकदा तरी पाणी यायची शक्यता धरलेली आहे, तिथे आपणच प्लॉट पाडले, विकले आणि घेतलेही. आमचे घर त्यातच आहे. अब्बांनी ते स्वस्त मिळाले म्हणून घेतले होते आणि दादांनी त्यांना आडवले होते. पुराचे पाणी ज्या सखल भागांतून गावात येते त्याला आमच्याकडे 'ओत' म्हणतात. दादांचे म्हणणे होते की ओतात भर टाकून घर बांधणे म्हणजे पाण्याच्या रस्त्यात चारपाई टाकून झोपणे. अब्बा रागावले होते. हप्ता कमी बसतो म्हणाले, आणि ते खरेही होते. गावात कोरड्या जागेचा भाव शिक्षकाला आणि गवंड्याला परवडणारा नव्हता, आजही नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी वर्गाला घाटावर नेले. इतिहासाच्या तासाचा कागदी परवाना काढून, पालकांच्या सह्या घेऊन. पायऱ्या मोजायला लावल्या. एका गटाच्या एकवीस भरल्या, दुसऱ्याच्या चोवीस. भांडण माझ्यापाशी आले. दोन्ही गटांबरोबर मी पुन्हा खाली उतरलो. शेवटच्या दिसणाऱ्या पायरीखाली गाळ होता, त्यात एका मुलाने पाय घातला तर टाचेला अजून एक दगड लागला. त्याने आणखी खाली चाचपले.

"सर, और भी हैं नीचे," तो म्हणाला, आणि चप्पल काढून माझ्या हातात दिली.