लाईट बिल कोणाच्या नावावर? भाडेकरू, विधवा आणि वारसांसाठी मीटर नावावर करण्याची माहिती

आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी दिसणारी गोष्ट आहे. घरात राहणारे वेगळे आणि लाईट बिलावरचे नाव वेगळे. कुठे इंतकाल होऊन पंधरा-वीस वर्षे झालेल्या आजोबांचे नाव, कुठे घर विकून निघून गेलेल्या जुन्या मालकाचे. कुठे मीटरच नाही, शेजाऱ्याकडून ओढलेली वायर आणि महिन्याला ठरलेले तीनशे-चारशे रुपये. बिल भरले जाते, लाईट चालू राहते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. शाळेत प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न आमच्या टेबलावर येतो. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून लाईट बिल चालते, पण आई किंवा वडील, दोघांच्याही नावाचे बिल घरात नसते. बँकेत खाते उघडताना, आधारवरचा पत्ता बदलताना पुन्हा तेच.

मीटर नावावर करायला घराची मालकी लागते, असे बहुतेकांना वाटते. ते बरोबर नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये शब्द आहेत ‘मालक किंवा भोगवटादार’. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष त्या जागेत राहतो तो. त्याने अर्ज केला तर वीज देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात हेच स्पष्ट केले. वीज ही मूलभूत सुविधा आहे, घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून ती नाकारता येत नाही, आणि अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच वीज कंपनीने पाहायचे आहे. कार्यालयात ‘मालकाची एनओसी आणा, मग बघू’ असे ऐकावे लागले, तर या निकालाचे नाव आणि कलम ४३ अर्जातच लिहावे. तोंडी वाद घालण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

पण एक गोष्ट खरी आहे. कायदा बाजूने असला तरी भाडेकरूला त्याच मालकाच्या घरात राहायचे असते. मीटर आपल्या नावावर झाले तर भाडेकरू घर बळकावेल, ही मालकाची भीती. त्याला शांतपणे सांगावे की लाईट बिल हा मालकीचा पुरावा नाही, त्याने घर कोणाचे होत नाही. उलट भाडेकरूने बिल थकवले तर ते भाडेकरूच्या नावावर राहते, यात मालकाचाही फायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडता येत नाही. आमचा सल्ला असा की नोंदणीकृत करार करायची वेळ येईल तेव्हाच मीटरचा विषय काढावा. दोन्ही कामे एकत्र होतात आणि कोणाला एकमेकांवर संशय घ्यायची वेळ येत नाही.

कागद कोणते

मुख्य कागद दोनच. ओळखीचा पुरावा, आणि मालकीचा किंवा राहत असल्याचा पुरावा. ओळखीसाठी आधार, मतदार ओळखपत्र वगैरे. राहत असल्याच्या पुराव्यासाठी घरपट्टीची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार, झोपडपट्टीत फोटोपास, असे काही. वक्फच्या जागेवर राहणाऱ्यांकडे यातले बरेचदा काहीच नसते. त्यांनी मुतवल्ली किंवा ट्रस्टकडून भाड्याची पावती नियमित घ्यायला आजपासून सुरुवात करावी. ‘मस्जिदचीच जागा आहे, पावती कशाला’ म्हणून वर्षानुवर्षे तोंडी व्यवहार चालतो, आणि अडचण आली की हातात कागद नसतो.

नवीन जोडणी असेल तर परवानाधारक वायरमन किंवा ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. अर्ज ऑनलाईन करता येतो. कार्यालयात दिला तर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या दुरुस्तीनंतर अर्ज पूर्ण झाल्यापासून महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी मुदत आहे. खांब किंवा नवी लाईन टाकावी लागणार असेल तर जास्त वेळ लागतो. दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पोचपावती महत्त्वाची.

अर्ज कुठे द्यायचा याचा घोळ आपल्याच लोकांच्या मोठ्या वस्त्यांमध्ये होतो. भिवंडीत २००७ पासून टोरेंट पॉवर, मुंब्रा-कळवा-शीळ भागात २०२० पासून पुन्हा टोरेंट, मालेगावात २०२० पासून मालेगाव पॉवर सप्लाय, या महावितरणच्या फ्रँचायझी आहेत. अर्ज त्यांच्या कार्यालयात द्यायचा, पण दर आणि नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागू. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरात अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडमध्ये महावितरण.

मरहूम वडिलांच्या नावावरचे मीटर

इथे एजंट लोक सर्वांत जास्त पैसे घेतात. ‘कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल’ असे सांगून घाबरवायचे आणि पाच-सात हजार मागायचे. आयोगाच्या विनियमांप्रमाणे नाव बदलण्यासाठी आधीच्या ग्राहकाचे संमतीपत्र लागते. ते नसेल तर मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त किंवा वारस दाखला, यापैकी कोणतेही एक चालते. चारही नाही, एकच. म्हणजे घरपट्टी किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारसांची नावे लागली असतील, तर मृत्यू दाखल्यासोबत तो उतारा पुरावा म्हणून द्यावा. कोर्टाची पायरी चढण्याआधी हे करून पाहावे. बाकी वारसांची सही घेतली जाते, आणि घेतलेली बरीच, पुढचा वाद टळतो.

सहीच्या बाबतीत बहिणींना एक सांगायचे आहे. मीटर भावाच्या नावावर झाले म्हणून घर भावाचे होत नाही. अम्मीचा आठवा हिस्सा आणि बहिणीचा भावाच्या निम्मा हिस्सा जागच्या जागी राहतो. पण ‘लाईटच्या कागदावर सही कर’ म्हणून कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नये. संमतीपत्रात एक ओळ घालून घ्यावी: ‘ही संमती फक्त वीज जोडणीच्या नावापुरती आहे, मिळकतीतील माझा हक्क मी सोडलेला नाही.’ कोणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीला घेऊन जात असेल तर ते काम मीटरचे नाही, हक्कसोडपत्राचे असू शकते. मीटरसाठी तिथे जावे लागत नाही.

आणि नाव कोणाचे लावावे? घरातला मोठा मुलगा सौदीत किंवा पुण्यात कामाला, आणि मीटर त्याच्या नावावर करायचे, याला आमच्या मते अर्थ नाही. जी व्यक्ती त्या घरात राहते तिचे नाव असावे. विधवा आई असेल तर आईचे. पतीच्या माघारी सासरीच राहणाऱ्या सुनेकडे राहण्याचा एकही कागद नसतो. तिच्या वेगळ्या खोलीचे मीटर तिच्या नावावर असेल तर निदान पत्ता तरी तिचा होतो.

नाव एक, लिहिण्याच्या पाच तऱ्हा

अर्ज परत येतात ते बहुतेक नावामुळे. मराठवाडा-विदर्भात ‘शेख सलीम शेख उस्मान’ असे नाव लिहायची पद्धत आहे. फॉर्ममध्ये नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने. मग आधारवर ‘शेख सलीम उस्मान’, रेशन कार्डावर ‘सलीम उस्मान शेख’, घरपट्टीवर ‘शे. सलीम शे. उस्मान’. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘महंमद’, इंग्रजीत कुठे नुसते ‘एमडी’. बायकांचे त्याहून अवघड. निकाहनंतर नाव बदलण्याची आपल्यात सक्ती नाही, म्हणून निम्मे कागद वडिलांच्या नावाने, निम्मे शौहरच्या. त्यात कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे काहीच नाही.

आधारवरचे नाव पक्के धरावे आणि अर्जात इंग्रजी स्पेलिंगसकट अक्षरशः तेच लिहावे. किरकोळ फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र सहसा पुरते. नाव खरोखरच वेगळे असेल तरच राजपत्राच्या भानगडीत पडावे. बिल आल्यावर नाव नीट वाचावे. चूक पहिल्याच बिलाला दुरुस्त करून घेणे सोपे, पुढे तेच चुकीचे स्पेलिंग पुढच्या कागदांवर उतरते.

थकबाकी आणि शेजारची वायर

जुन्या ग्राहकाची थकबाकी असेल तर ती जागेवर बसते आणि नव्या राहणाऱ्याकडे मागितली जाते. पण तुम्ही त्याचे कायदेशीर वारस नसाल, तर आयोगाच्या विनियमांप्रमाणे जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलाचीच जबाबदारी तुमच्यावर येते. वारसाला ही सवलत नाही. घर भाड्याने किंवा विकत घेण्याआधी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी पाहून घ्यावी, दोन मिनिटांचे काम आहे. चालू जोडणीसुद्धा थकबाकीसाठी तोडायची तर कलम ५६ प्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

शेजाऱ्याकडून वायर घेणे स्वस्त वाटते, पण मंजूर जागेबाहेर वीज देणे हा कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. दंडाचे बिल दुप्पट दराने, आणि वापर कधीपासून ते कळले नाही तर मागच्या १२ महिन्यांचे. ते येते मदत करणाऱ्या शेजाऱ्याच्या नावावर. शिवाय हिशेबही तोट्याचा. घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, त्यापुढचा टप्पा जवळपास दुप्पट महाग. दोन कुटुंबे ९०-९० युनिट वापरत असतील, तर वेगळ्या मीटरवर दोघेही स्वस्त टप्प्यात राहतात. एका मीटरवर १८० होतात आणि ८० युनिट महाग दराने लागतात. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, तरीही बहुधा बचतच होते. मात्र वेगळे मीटर मागताना वेगळी चूल, वेगळे दार, वेगळे रेशन कार्ड दाखवता आले पाहिजे.

दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी वेगळा कमी दर आहे, पण तो अगदी लहान मंजूर भार आणि महिना ३० युनिटपर्यंतच्या वापरासाठी. पंखा, टीव्ही, फ्रिज असलेले घर त्यात टिकत नाही. सौभाग्य योजना २०१७ मध्ये सुरू झाली होती आणि २०२२ मध्ये बंद झाली. तिचे फॉर्म आजही कोणी विकत असेल तर घेऊ नये. नव्या जोडणीची सुरक्षा ठेव म्हणजे खर्च नाही, ती तुमच्या नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळते, जोडणी बंद केल्यावर परत मिळते. रमजानमध्ये रेशनच्या किट वाटणाऱ्या मोहल्ला कमिट्यांनी एखाद्या विधवेच्या मीटरचा एकदाच येणारा खर्च उचलायला हरकत नाही. जकातीतून द्यायचे असेल तर रक्कम तिच्या हातात द्यावी लागेल, तो मसला आलिमांना विचारून घ्यावा.

अर्ज अडला तर आधी १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा. मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी तक्रार, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मंचाने ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पुढच्या ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते, त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लागत नाही, तक्रार मराठीत साध्या कागदावर चालते. सोबत पोचपावतीची झेरॉक्स जोडावी.