पैनगंगेचे दोन काठ

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून वर्धेला मिळणारी पैनगंगा ही आदिलाबाद जिल्ह्याची उत्तर सीमा होय. निजामाच्या राजवटीत याच नदीने संस्थानाची आणि इंग्रजी अमलाखालील वऱ्हाडाची हद्द आखली होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादमधून वगळून मुंबई राज्यास जोडण्यात आले. राज्ये बदलली, दोन्ही काठांवरची काळी जमीन, कपाशी आणि मराठी, गोंडी व कोलामी बोली त्याच राहिल्या.

या मुलखात पाऊस वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तरीही शेती बहुतांशी कोरडवाहूच. पाऊस चार महिन्यांत सरतो. नदीचे पात्र खोल, शेते उंचावर. त्यामुळे पाणी अडवून उपसल्याविना ते शेतापर्यंत पोहोचत नाही. आणि नदी दोघांची असल्याने बांधालाही दोघांची संमती लागते.

6 ऑक्टोबर 1975 च्या करारात महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांनी निम्न पैनगंगा हा संयुक्त प्रकल्प मान्य केला. 1980 च्या गोदावरी जलतंटा लवादाच्या निवाड्यातही तो करार समाविष्ट झाला. पुढे बुडीत क्षेत्रातील गावांनी विरोध केला आणि काम रेंगाळले. तेलंगण राज्य स्थापन झाल्यावर 23 ऑगस्ट 2016 रोजी मुंबईत नवा करार होऊन चनाखा-कोरटा बंधाऱ्याचा मार्ग मोकळा झाला. सुमारे 50 हजार एकर भिजविण्याचा त्याचा उद्देश आहे.

दोन करारांमध्ये 41 वर्षे गेली. तेवढ्यात घरातली तिफण आजोबांच्या हातून नातवाच्या हाती येते. कपाशीला मात्र पाणी बोंड भरतानाच हवे असते.