देवडी आणि संग्रहालय

मराठीत ‘देवडी’ म्हटले की वाड्याच्या दरवाजाशी असलेली पहारेकऱ्यांची बैठक डोळ्यांपुढे येते. हैदराबादेत मात्र देवडी म्हणजे उमरावाचा अवघा निवास. चौक, बागा, दिवाणखाने, जनानखाना, सारे त्यात आले. सालारजंग घराण्याची ‘दिवाण देवडी’ ही अशा देवड्यांत अग्रगण्य होती.

१८५३ पासून १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामाची दिवाणगिरी सांभाळणारे पहिले सालारजंग येथेच राहत. देवडीतील आईनाखाना आरशांसाठी प्रसिद्ध होता, तर चिनीखान्याच्या भिंती चिनी मातीच्या बश्या-पेल्यांनी मढविलेल्या होत्या. राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांत तो चिनीखाना आजही पाहता येतो. आता तो पाहण्याची जागा तेवढीच उरली आहे. रोममध्ये बेन्झोनीने घडविलेली ‘अवगुंठित रेबेका’ याच सालारजंगांनी १८७६ साली विकत घेतली. त्यांचे नातू मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, १९१२ ते १९१४ या काळात दिवाण होते. पद सोडल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य आणि मोठी मिळकत वस्तुसंग्रहात घातली. ते अविवाहित होते. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा या पसाऱ्याला प्रत्यक्ष वारस कोणी नव्हता.

त्यांच्या निरनिराळ्या वाड्यांत विखुरलेल्या वस्तूंची मांडणी करण्याचे काम कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे सोपविण्यात आले आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. ज्या दरवाजातून पूर्वी निमंत्रिताखेरीज कोणाला प्रवेश नसे, त्यातून सामान्य नागरिक आत जाऊ लागला. माझ्या मते या संग्रहालयाच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण वर्षे हीच. कारण तेव्हा वस्तूंबरोबर त्यांचे घरही पाहावयास मिळत होते. किंबहुना घर हीच तेथील सर्वांत मोठी वस्तू होती.

१९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्व लाभले आणि १९६८ साली ते मुसा नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले. एवढ्या संग्रहाला प्रशस्त जागा हवी होती, हे मान्यच केले पाहिजे. रेबेका नव्या दालनात गेली. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीचे घड्याळही गेले. त्यातील चिमुकला माणूस तासागणिक बाहेर येऊन टोल देतो आणि त्यासाठी आजही गर्दी जमते. भिंतीत बसविलेली चिनीमाती मात्र अशी उचलून नेता येत नाही. पुढे देवडीचा बहुतेक भाग पाडला गेला.

नव्या इमारतीत जगभरच्या कलाकृती आहेत; पण दिवाणाची कचेरी कोठे भरे, पाहुणे कोणत्या चौकात थांबत, जनानखान्याची वाट कोठून होती, हे त्या सांगू शकत नाहीत. शहराचा इतिहास त्या वाटांत होता. हैदराबादला जाणाऱ्याने संग्रहालय पाहून झाल्यावर पत्थरगट्टीच्या बाजूने थोडे चालावे. दिवाण देवडी आज कापडाची बाजारपेठ आहे. गठ्ठे वाहणाऱ्या हमालांच्या वाटेत जुनी कमान अजून उभी आहे. आपल्या मराठी अर्थाने पाहिले, तर देवडी तेवढी शिल्लक आहे.